इबादत कुठे संपते, वसवसा कुठे सुरू होतो?

रमजानच्या दिवसांत मशिदीच्या वजूखान्यात एखादा तरी असा नमाजी दिसतो. बाकीचे लोक येतात, हात-तोंड धुतात, डोक्यावरून ओला हात फिरवतात, पाय धुतात आणि दोन-तीन मिनिटांत सफेत जाऊन उभे राहतात. हा मात्र नळासमोरून उठत नाही. कोपरापर्यंत हात धुतो, पुन्हा धुतो. एखादी जागा कोरडी राहिली असेल या शंकेने परत पहिल्यापासून सुरुवात करतो. आत इमामसाहेबांची पहिली रकात संपून दुसरी सुरू झालेली असते. बघणारे कौतुकाने म्हणतात, केवढा परहेजगार माणूस आहे!

त्याच्या घरी विचारले तर वेगळेच ऐकू येते. एका नमाजेसाठी तास-तास न्हाणीघर अडलेले असते. नमाज पूर्ण झाली तरी ती कबूल झाली नसेल असे वाटून दोनदा-तीनदा पढली जाते. एखाद्या घरात हीच गोष्ट आईच्या वाट्याला आलेली असते. धुतलेले कपडे पाक झाले नाहीत म्हणून ती पुन्हा भिजवते, बाहेरून आलेल्या मुलांना दारातच पाय धुवायला लावते, एकदा नव्हे तर तीन-तीनदा. एखादा तरुण नमाजेला उभा राहतो, पण नीयत बरोबर झाली की नाही या विचारातून बाहेरच पडत नाही. हात कानापर्यंत नेतो, खाली आणतो, पुन्हा नेतो. एखाद्याला सूरह फातिहातील एकेका अक्षराचा उच्चार चुकल्याचा भास होतो आणि तो त्याच शब्दावर अडकून बसतो.

ही माणसे ढोंगी नसतात. त्यांची अल्लाहवरील श्रद्धा खरी असते. म्हणूनच त्यांचे हाल अधिक होतात. ज्या इबादतीने मनाला शांती मिळावी तीच त्यांना दिवसातून पाच वेळा भीतीच्या दारात नेऊन उभी करते. रमजानमध्ये तर रोजा, तरावीह, कुरआनचे पठण, शेवटच्या दहा रात्रींचे जागरण असे सगळे एकदम वाढते आणि त्यासोबत हा त्रासही वाढतो.

प्रेषितांची इबादत

इबादतीची ओढ असणे हा दोष नाही, हे आधी स्पष्ट असायला हवे. प्रेषित मुहम्मद (स.) रात्री नमाजेत इतका वेळ उभे राहत की त्यांच्या पायांना सूज येई. एवढे कष्ट कशासाठी, असे विचारल्यावर आपण कृतज्ञ दास होऊ नये काय, असे त्यांनी उत्तर दिले. रमजानच्या अखेरच्या दहा रात्री ते स्वतः जागत आणि घरच्यांनाही जागवत. त्यामुळे कोणी रात्री उठून तहज्जुद पढतो, वर्षभर सोमवार-गुरुवारचे रोजे ठेवतो किंवा कुरआन मुखोद्गत करण्यात वर्षे घालवतो म्हणून त्याला वेड लागले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण ज्यांच्या पायांना सूज येत होती, तेच इतरांच्या बाबतीत किती हळुवार होते हेही पाहायला हवे. रमजानमध्ये काही रात्री त्यांनी मशिदीत नमाज पढली. लोक मागे उभे राहू लागले, रोज गर्दी वाढत गेली. मग एका रात्री ते बाहेर आलेच नाहीत. ही नमाज लोकांवर फर्ज होईल आणि ती त्यांना झेपणार नाही, अशी भीती वाटल्याचे त्यांनी सकाळी सांगितले. नमाज लांबवण्याचा विचार असताना मागून एखाद्या लहान मुलाचे रडणे कानावर आले, तर आईची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत.

हजरत मुआज (रजि.) आपल्या वस्तीत इशाची नमाज पढवत असत. एकदा त्यांनी सूरह बकरा सुरू केली. ही कुरआनातील सर्वांत मोठी सूरह. दिवसभर उंटांवरून पाणी वाहून थकलेला एक माणूस सफेतून बाजूला झाला आणि स्वतःची नमाज पढून निघून गेला. तक्रार प्रेषितांपर्यंत पोहोचली. त्यांनी थकलेल्या मजुराला बोल लावला नाही. ते रागावले मुआज यांच्यावर, आणि लहान सूरह पढण्यास सांगितले. म्हातारे, अशक्त आणि कामाची घाई असलेले लोक मागे उभे असतात याची जाणीव त्यांनी इमामाला करून दिली.

कोणाकोणाला थांबवले?

हदीसच्या ग्रंथांत जास्त इबादतीपासून अडवल्याचे इतके प्रसंग आहेत की ते एकत्र वाचल्यावर नवल वाटते. तीन माणसे प्रेषितांच्या घरी त्यांच्या इबादतीची चौकशी करायला आली. ऐकल्यावर त्यांना ती कमी वाटली. एकाने ठरवले की आता रात्रभर नमाजच पढणार. दुसऱ्याने ठरवले की रोज रोजा ठेवणार. तिसरा म्हणाला की लग्नच करणार नाही. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले की ते स्वतः अल्लाहला सर्वांहून अधिक भिणारे आहेत, तरी रोजा ठेवतातही आणि सोडतातही, नमाज पढतातही आणि झोपतातही, शिवाय संसारही करतात. ही वाट ज्याला नको तो आपला नव्हे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी. वडिलांनी चांगल्या घरची मुलगी पाहून त्यांचे लग्न लावून दिले. काही दिवसांनी सासऱ्यांनी सुनेची विचारपूस केली. माणूस फार चांगला आहे, पण लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे पाहिलेले नाही, असे तिने सुचवले. दिवसा रोजा आणि रात्रभर नमाज हा त्यांचा क्रम होता. वडिलांनी गोष्ट प्रेषितांच्या कानावर घातली. प्रेषितांनी त्यांना बोलावून समजावले की शरीराचा हक्क असतो, डोळ्यांचा हक्क असतो, पत्नीचा हक्क असतो, भेटीला येणाऱ्याचा हक्क असतो. महिन्यात तीन रोजे ठेवा, असे सांगितले. अब्दुल्लाह अधिकाची परवानगी मागत राहिले. शेवटी एक दिवस रोजा आणि एक दिवस नाही, या हजरत दाऊद (अ.) यांच्या पद्धतीवर गोष्ट येऊन थांबली. याहून चांगला रोजा नाही, हेही सांगितले गेले. पुढे म्हातारपणी शरीर थकले तेव्हा, त्या वेळी दिलेली सवलत घेतली असती तर बरे झाले असते, असे अब्दुल्लाह बोलून दाखवत.

मदिनेत हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांना भाऊ-भाऊ करून दिले होते. सलमान एकदा अबू दरदांच्या घरी गेले तर त्यांची पत्नी अगदी साध्या, मळक्या वेषात दिसली. कारण विचारल्यावर म्हणाल्या, तुमच्या भावाला या जगाची गरजच उरलेली नाही. जेवण आले. अबू दरदांचा रोजा होता. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, असा हट्ट सलमान यांनी धरला आणि त्यांना जेवायला लावले. रात्री अबू दरदा नमाजेसाठी उठू लागले तेव्हा दोनदा त्यांना परत झोपवले. पहाट जवळ आल्यावर दोघांनी मिळून नमाज पढली. मग सलमान यांनी रबचा, देहाचा आणि घरच्यांचा असे तीनही हक्क सांगितले. प्रेषितांनी ऐकून एवढेच म्हटले की सलमान खरे बोलले.

मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली प्रेषितांच्या नजरेस पडली. नमाजेत थकवा आल्यावर आधारासाठी हजरत जैनब (रजि.) यांनी ती बांधली असल्याचे कळले. त्यांनी ती सोडायला लावली. अंगात उत्साह आहे तोवर नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. एकाने उन्हात उभे राहण्याचा, कोणाशी न बोलण्याचा आणि रोजा ठेवण्याचा नवस केला होता. त्याला सांगितले गेले की सावलीत जा, बसा, बोला आणि रोजा तेवढा पूर्ण करा. यातून फरक स्पष्ट होतो. रोजा ही इबादत होती आणि ती राहिली. ऊन ही इबादत नव्हती, ते निव्वळ देहाचे हाल होते.

एका प्रसंगात तर जीवच गेला. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्याला स्नान आवश्यक झाले. सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, मग सवलत नाही, असे ते म्हणाले. त्याने स्नान केले आणि तो दगावला. प्रेषितांनी हे ऐकून अत्यंत कठोर शब्द वापरले. त्या लोकांनीच त्याला मारले, ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, असे ते म्हणाले. धर्माच्या नावाने दिलेला कडक सल्ला कोणाच्या जिवावर बेतू शकतो, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

शंकेचा आजार

कुरआनच्या शेवटच्या सूरहमध्ये, सूरह नासमध्ये, मनात कुजबुज करणाऱ्या वसवशापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. मुस्लिम घरांत 'वसवसा' हा शब्द सर्वांना ठाऊक असतो. वुजू झाला की नाही, कपडा पाक आहे की नापाक, तीन रकाती झाल्या की चार, अशी शंका कोणालाही येते. एखाद्याच्या मनातून ती जातच नाही, तेव्हा त्याचा आजार होतो.

शरीअतने या शंकेला फारसा भाव दिलेला नाही. नमाजेत वुजू मोडल्यासारखे वाटले तर आवाज किंवा वास आल्याची खात्री होईपर्यंत नमाज सोडू नये, असा हदीसचा निर्देश आहे. फिकहच्या पंडितांनी यावरून एक मोठा नियम बांधला. जे खात्रीने ठाऊक आहे ते केवळ शंकेने रद्द होत नाही. उस्मानी तुर्कांच्या काळात 1876 मध्ये पूर्ण झालेल्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत हा नियम सुरुवातीच्या कलमांतच येतो. वुजू केल्याचे आठवते आणि मोडल्याची फक्त शंका आहे, तर वुजू कायम आहे.

पाण्याचेही तसेच. एका खेडूताने वुजूबद्दल विचारले तेव्हा प्रेषितांनी प्रत्येक अवयव तीन-तीन वेळा धुऊन दाखवला. यापेक्षा जास्त करणाऱ्याने मर्यादा ओलांडली, असे बजावले. ते स्वतः एक 'मुद्द' पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल तेवढे माप, आजच्या हिशेबाने पाऊण ते एक लिटर. चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील गावांना या मापाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. नळ सोडून तासभर हात धुणारा माणूस सुन्नत पाळत नसतो.

काहींना याहून भयंकर त्रास होतो. नमाजेत उभे असतानाच अल्लाहबद्दल, प्रेषितांबद्दल घाणेरडे विचार मनात येतात. आपण काफिर झालो, या भीतीने ते खचतात आणि लाजेने कोणाला सांगतही नाहीत. सहाबांपैकीही काहींनी प्रेषितांकडे येऊन सांगितले होते की मनात असे काही येते जे ओठांवर आणणेही अशक्य वाटते. त्या विचारांचा तुम्हाला एवढा तिटकारा वाटतो हीच ईमानची खूण आहे, असा दिलासा त्यांना मिळाला. न मागता आलेला विचार म्हणजे गुन्हा नव्हे, हे आजचे मानसोपचारतज्ज्ञही रुग्णाला पहिल्यांदा सांगतात.

जुन्या आलिमांनी या दुखण्याकडे कानाडोळा केला नाही. बगदादचे इब्ने जौजी (मृत्यू 1201) यांनी सैतान धार्मिक माणसाला धर्माच्याच वाटेने कसा फसवतो, यावर 'तल्बीसे इब्लीस' हा ग्रंथ लिहिला. त्यात बगदादच्याच इब्ने अकील यांचा एक किस्सा आहे. एकाने त्यांना विचारले, मी कितीदा पाण्यात बुडी मारतो तरी स्नान झाले की नाही याची शंका राहते, काय करू? जा, तुझ्यावर नमाजच फर्ज नाही, असे उत्तर आले. तो चकित झाला. वेड्या माणसावर शरीअतची जबाबदारी नसते, आणि पाण्यात बुडी मारूनही अंग भिजले की नाही असे विचारणारा वेडाच नव्हे काय, असे त्यांनी समजावले. दमिश्कचे इब्ने कुदामा (मृत्यू 1223) यांनी तर वसवशात अडकलेल्यांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

त्याही आधी, आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख येथे जन्मलेले अबू जैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. मनाच्या भागात क्रोध, भीती आणि उदासी यांच्यासोबत वसवशाचा विचारही केला आहे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी या भागाचा केलेला इंग्रजी अनुवाद 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मनाच्या दुखण्याला उपचार लागतो, ही गोष्ट मुस्लिम वैद्यकाला हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती.

आजच्या वैद्यकात या आजाराला ओसीडी म्हणतात. शंभर माणसांत एक ते तिघांना आयुष्यात कधीतरी तो होतो, आणि त्याला धर्माचे बंधन नाही. कॅथलिक पंथात पुन्हा पुन्हा पापाची कबुली देणाऱ्यांच्या दुखण्याला शतकानुशतके वेगळे नाव आहे. मराठी घरांत सोवळ्या-ओवळ्यापायी दिवसभर हात धुणारी आजी कोणी ना कोणी पाहिलेली असते. दुखणे एकच, ते फक्त त्या त्या घरातील श्रद्धेचे कपडे घालते. 'धर्माचे व्यसन' असा आजार मात्र वैद्यकीय यादीत नाही. पण लोक व्यसन म्हणतात त्याला कारण आहे. पुन्हा हात धुतले की थोडा वेळ बरे वाटते, मग शंका दुप्पट होऊन परत येते आणि पुन्हा धुवावेसे वाटते. एका मौलानांना विचारून झाले की दुसऱ्यांना फोन, मग तिसऱ्यांना, मग रात्री मोबाइलवर तोच मसला शोधणे. दिलासा मिळतो, पण टिकत नाही.

रोजा आणि आजारी शरीर

अतिरेकाचे दुसरे रूप दवाखान्यांत दिसते. सूरह बकरामध्ये जिथे रोजाचा आदेश आहे तिथेच आजारी आणि प्रवासी यांना तो नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, असेही तिथेच सांगितले आहे. ज्यांना पुढेही रोजा शक्य नाही त्यांच्यासाठी फिदिया आहे, म्हणजे प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण.

तरीही घरातील बुजुर्ग ऐकत नाहीत. 2001 मध्ये 13 देशांतील 12 हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. तीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे 79 टक्के आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे 43 टक्के रुग्ण रमजानमध्ये किमान 15 रोजे ठेवत असल्याचे आढळले. पहिल्या प्रकारात इन्सुलिनशिवाय जगणे शक्य नसते. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडावा, असे डॉक्टर सांगतात. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक आलिमांचे मत आहे. तरी इफ्तारला अर्धा तास उरला आहे, आता कशाला सोडू, म्हणत बसलेला माणूस चक्कर येऊन कोसळतो.

मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले तर औषधाचे प्रमाण रक्तात धोकादायक रीतीने वाढू शकते. उन्माद आणि उदासी यांच्या फेऱ्यात सापडणाऱ्या रुग्णाची झोप उडाली तर आजार उलटू शकतो. असा माणूस चार-पाच रात्री न झोपता इबादत करू लागला, मोठमोठ्याने बोलू लागला, आपल्याला विशेष कामासाठी निवडले आहे असे सांगू लागला, तर घरच्यांनी त्याला वली समजून बसू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे.

घरच्यांनी काय करावे?

इबादत आणि आजार यांतील फरक ओळखण्याची खूण घरातच असते. इबादतीने माणूस नरम होतो. नमाज पढून उठलेला बाप मुलांशी गोड बोलतो, आजारी शेजाऱ्याची खबर घेतो, दुकानात माप नीट देतो. वसवशात सापडलेला माणूस नमाज पढून उठतो तो थकलेला, चिडलेला आणि आधीपेक्षा जास्त घाबरलेला असतो. त्याची नोकरी, अभ्यास, झोप आणि संसार एकेक करून सुटत जातात. काहींच्या बाबतीत शंका नसते, पण इबादत ही जबाबदारीपासून पळण्याची जागा झालेली असते. घरात रेशन नाही, मुलाची फी भरलेली नाही, आणि कर्ता पुरुष महिनोन्महिने घराबाहेर आहे. अबू दरदांच्या घरी सलमान यांनी जे विचारले ते इथेही विचारायला हवे.

अशा माणसाची थट्टा करू नये. त्याला ईमान कच्चे आहे असेही म्हणू नये. हे तो स्वतःला रोज म्हणतच असतो. त्याच्यासोबत पुन्हा पुन्हा धुणे, तपासणे आणि हो, झाला तुझा वुजू असे शंभरदा सांगणे मात्र थांबवावे, कारण त्याने शंकेला खतपाणी मिळते. उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. शंका आली तरी पुन्हा धुवायचे नाही, बेचैनी सहन करायची आणि ती हळूहळू उतरते याचा अनुभव घ्यायचा, असा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करून घेतात. गरजेप्रमाणे औषधेही देतात. शंकेकडे लक्ष न देता नमाज पुढे न्या, हा जुन्या आलिमांचा सल्लाही याच वाटेचा आहे. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य बोलता येते.

मशिदीच्या इमामांचा शब्द अशा घरांत डॉक्टरांच्या शब्दाइतकाच चालतो. एकच प्रश्न पाचव्यांदा घेऊन आलेल्या माणसाला सहावा फतवा देण्याऐवजी त्याचा हात धरून दवाखान्याची वाट दाखवली, तर ती मोठी मदत ठरेल. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी वसवशावर, आजाऱ्याच्या सवलतीवर आणि देहाच्या हक्कावर बोलले गेले पाहिजे.

रमजान संपतो तो शव्वालच्या चंद्राने. आदल्या दिवसापर्यंत ज्या शरीअतने रोजा फर्ज ठरवला तीच ईदच्या दिवशी रोजा ठेवणे हराम ठरवते. कितीही मोठा इबादतगुजार असो, त्या दिवशी त्याने उपाशी राहायचे नाही. नमाजेला निघण्यापूर्वी काही खजुरा खाऊन जाणे ही प्रेषितांची सुन्नत. महिनाभर अल्लाहच्या हुकमाने ज्याने तोंड बंद ठेवले, त्याने त्याच हुकमाने ते उघडायचे असते. वसवशात अडकलेल्या आपल्या माणसाला त्या सकाळी घरच्यांनी शेजारी बसवावे, शीरखुर्म्याची वाटी हातात द्यावी आणि वाटी कितीदा धुतली हे त्याने विचारले तरी उत्तर न देता प्रेमाने दुसरा विषय काढावा.